अंगठी बोटाला मानवेना, तर...

साखरपुडा थाटात पार पडला. कार्यालयातून मंडळी घरी परतली, पेढ्यांचे पुडे वाटून झाले आणि नवरी मुलगी हातातली नवी अंगठी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवू लागली. पांढऱ्या सोन्याची, नाजूक, मधोमध एक हिरा. सासरच्यांनी हौसेने निवडलेली. तिसऱ्या दिवशी अंगठीखाली खाज सुटली. चौथ्या दिवशी बारीक पुरळ उठले. आठवडा संपेपर्यंत बोटाभोवती लालसर, ओले कडे उमटले आणि अंगठी काढल्यावरही ते तसेच राहिले.

आता पंचाईत! अंगठी काढावी, तर "साखरपुड्याची अंगठी काढलीस?" म्हणून आजी दचकते. घालावी, तर रात्री झोप नाही. सासरी सांगावे, तर दिलेला दागिना मुलीला पसंत नाही, असा अर्थ निघण्याची भीती. त्यात एखादी मावशी हळूच म्हणते, "सोनं लाभत नाही वाटतं पोरीला." मग मुलगी बोटाला चिकटपट्टी लावते, वरून अंगठी चढवते आणि गप्प बसते.

थोड्याफार फरकाने हे चित्र अनेक घरांत दिसते. यात मुलीचा दोष नाही आणि देणाऱ्यांच्या भाग्याचाही नाही. दोष बहुतेक वेळा एका तिसऱ्याच धातूचा असतो आणि त्याचे नाव सराफाच्या पावतीवर कुठेच लिहिलेले नसते.

निकेलचा उपद्रव

या धातूचे नाव निकेल. स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट या शास्त्रज्ञाने १७५१ मध्ये तो वेगळा काढला. त्याआधी जर्मन खाणकामगारांना तांब्यासारखे दिसणारे एक खनिज सापडत असे, पण कितीही भट्टी लावली तरी त्यातून तांबे निघत नसे. चिडून त्यांनी त्याला 'सैतानाचे तांबे' अशा अर्थाचे नाव दिले होते. त्याच नावाचा उरलेला तुकडा म्हणजे निकेल. आज जगभर त्वचेला स्पर्शाने होणाऱ्या ॲलर्जीच्या कारणांत या धातूचा क्रमांक वरचा आहे.

निकेल मिसळलेल्या दागिन्यावर घाम आला की घामातील क्षारांमुळे निकेलचे अतिसूक्ष्म अंश सुटतात आणि त्वचेत शिरतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना परके समजून त्यांची ओळख लक्षात ठेवतात. या पहिल्या टप्प्यात बाहेर काहीच दिसत नाही. मात्र एकदा ही ओळख पक्की झाली की पुढे प्रत्येक स्पर्शानंतर साधारण एक ते तीन दिवसांत खाज, पुरळ, बारीक फोड असा त्रास सुरू होतो. ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. म्हणूनच कालपर्यंत काही होत नव्हते, मग आजच कसे झाले, या प्रश्नात फारसा अर्थ नसतो.

बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत सुरुवात कानापासून होते. आपल्याकडे तान्ह्या बाळाचे कान सोनाराला घरी बोलावून सोन्याच्या बारीक तारेने टोचण्याची पद्धत आहे. त्या तारेने सहसा त्रास होत नाही. पण शाळा-कॉलेजच्या वयात जत्रेतली, फुटपाथवरची स्वस्त कानातली आली, एखादे भोक नव्याने टोचून घेतले, की उघड्या जखमेतून निकेल थेट शरीरात जाते. पुरुषांना हा त्रास त्या मानाने कमी होतो, पण होतो. घड्याळाचा पट्टा, पट्ट्याचे बक्कल आणि जीन्सचे बटण ही त्यांची नेहमीची कारणे. बेंबीखाली सतत खाजणारा चट्टा असेल, तर नवरदेवानेही अंगठी घेण्यापूर्वी विचार करावा. आणि बांगडीत अडकवून ठेवलेल्या त्या सेफ्टी पिना! त्यांच्याकडे तर कोणाचे लक्षच जात नाही.

प्रत्येक चट्टा ॲलर्जीचा नसतो

अंगठीखाली काही झाले की लगेच धातूला दोष देऊ नये. तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली, साबणाचा त्रास. भांडी घासताना, कपडे धुताना साबणाचे पाणी अंगठीखाली अडकते. तिथली कातडी तासन्‌तास ओली राहते, मऊ पडते आणि मग जळजळते. हे शुद्ध सोन्याच्या अंगठीखालीही होऊ शकते. उपाय साधा आहे. कामाच्या वेळी अंगठी काढून ठेवावी, हात धुतल्यावर बोट कोरडे करावे आणि अंगठी आतून अधूनमधून साफ करावी.

दुसरी, हिरवट किंवा काळपट डाग. तांब्यावर घामाची क्रिया झाली की बोटाला हिरवी छटा येते आणि चांदी गंधकामुळे काळी पडते. खाज किंवा पुरळ नसेल, तर हा डाग धुऊन जातो. ती ॲलर्जी नव्हे.

तिसरी, खरी ॲलर्जी. ती एक-दोन दिवस उशिरा उठते, अंगठी काढल्यावरही काही दिवस रेंगाळते आणि पुन्हा घातली की पुन्हा येते. कानातल्यांनी, घड्याळाने किंवा खोट्या मंगळसूत्राने पूर्वी त्रास झालेला असेल, तर संशय बळावतो.

खात्री करून घेण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ 'पॅच टेस्ट' करतात. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम यांसारख्या पदार्थांचे ठरावीक प्रमाण लावलेल्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात. त्या ४८ तास ठेवतात. काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठ तपासतात. सुई नाही, रक्त नाही. फक्त त्या दिवसांत पाठीवर पाणी घ्यायचे नाही आणि घाम येईल असे काम टाळायचे. लग्नाच्या धावपळीत हे चार-पाच दिवस जड वाटतात खरे, पण दागिने घडवायला टाकण्यापूर्वी ही तपासणी झाली तर पुढचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणून लावणे मात्र टाळावे. अशा अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. आठवडाभर बरे वाटते आणि पुढे कातडी पातळ होते, डाग पडतात.

सोने किती, आणि उरलेले काय?

सराफाच्या पेढीवर आपण विचारतो ते सोने किती कॅरटचे, एवढेच. नाजूक त्वचेच्या माणसाने दुसरा प्रश्नही विचारायला हवा, की सोने सोडून उरलेले काय आहे?

२२ कॅरटच्या दागिन्यात हजारात ९१६ भाग सोने असते आणि ८४ भाग इतर धातू. १८ कॅरटमध्ये सोने ७५० आणि इतर २५०. १४ कॅरटमध्ये सोने ५८५ आणि इतर ४१५. म्हणजे १८ कॅरटची चार ग्रॅमची अंगठी घेतली, तर त्यात पूर्ण एक ग्रॅम सोन्याव्यतिरिक्त काहीतरी असते. पिवळ्या सोन्यात हे 'काहीतरी' बहुधा तांबे आणि चांदी असते, म्हणून आपले पारंपरिक २२ कॅरटचे दागिने बहुतेकांना मानवतात. सोने पांढरे करायचे असेल, तर त्याचा पिवळेपणा झाकणारा धातू घालावा लागतो. तो निकेल किंवा पॅलॅडियम असू शकतो.

पांढऱ्या सोन्यावर वरून रोडियमचा चकचकीत मुलामा देतात. तो शाबूत असेतो त्रास होत नाही. पण अंगठी दिवसभर घासली जाते, तळव्याच्या बाजूचा मुलामा आधी झिजतो आणि आतले निकेल त्वचेला भिडते. वर्षभर बरी वाटलेली अंगठी अचानक खाजू लागते, त्याचे हेही एक कारण. पॅलॅडियमचे पांढरे सोने त्या मानाने बरे, पण निकेलची ॲलर्जी असलेल्यांपैकी अनेकांची पॅलॅडियमची तपासणीही सकारात्मक येते. तेव्हा तेही तपासून घ्यावे.

भारतात १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. पण हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. उरलेल्या भागात निकेल आहे की नाही, ते सांगत नाही.

युरोपने या बाबतीत वेगळा मार्ग धरला. डेन्मार्कने १९९० पासून आणि युरोपीय समुदायाने १९९४ च्या निर्देशाद्वारे दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा तो नियम. त्यानंतर डेन्मार्कमधल्या कान टोचलेल्या तरुण मुलींत ही ॲलर्जी कमी झाल्याचे आढळले. नियम केला तर फरक पडतो, याचे हे चांगले उदाहरण.

सोन्याची ॲलर्जी असूच शकत नाही, असे मात्र नाही. ती कमी आढळते. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००१ साली 'त्या वर्षीचा ॲलर्जीकारक' म्हणून सोन्याचीच निवड केली होती. निकेलची पाळी २००८ मध्ये आली!

मग घ्यावे तरी काय?

पर्याय पुष्कळ आहेत. प्रत्येकाचे गुण-दोष मात्र समजून घ्यायला हवेत.

प्लॅटिनम : दागिन्यांतले प्लॅटिनम सहसा ९५ टक्के शुद्ध असते. ते घामाने गंजत नाही, मुलाम्याची गरज नसते आणि त्वचेला सहसा त्रास देत नाही. त्यात मिसळलेल्या पाच टक्क्यांत कोबाल्ट असू शकतो. निकेलवाल्या अनेकांना कोबाल्टही चालत नाही. म्हणून रुथेनियम किंवा इरिडियम मिसळलेले प्लॅटिनम मागावे. हे धातू जड आहेत, अंगठी हातात भरीव लागते आणि घडणावळही जास्त पडते.

टायटॅनियम : विमानांचे भाग आणि मोडलेल्या हाडांतल्या पट्ट्या ज्या धातूच्या करतात, तोच हा. हवेचा स्पर्श होताच त्यावर ऑक्साइडचा पातळ पण चिवट थर बसतो आणि आतला धातू बाहेर सुटत नाही. म्हणून शरीर त्याला सहज स्वीकारते. स्वीडनचे डॉ. पेर-इंग्वार ब्रॉनमार्क यांना १९५० च्या दशकात प्रयोग करताना दिसले, की टायटॅनियमभोवती हाड घट्ट जुळून येते. आजच्या दातांच्या रोपणाची सुरुवात तिथूनच झाली. वजनाला हा धातू अगदी हलका. त्याची घनता ४.५ आहे, तर सोन्याची १९.३. विशेष म्हणजे ज्या खनिजापासून तो मिळतो, ते इल्मेनाइट केरळच्या आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे.

टायटॅनियमवर विजेच्या प्रवाहाने निळा, जांभळा, सोनेरी असे रंग आणता येतात. यात रंगद्रव्य नसते. पावसाळ्यात रस्त्यावरच्या तेलाच्या थेंबावर इंद्रधनुष्य दिसते, तशीच ही प्रकाशाची किमया. घर्षणाने हे रंग काही वर्षांत फिके पडतात. दुसरी अडचण मापाची. या धातूला डाग लावायला निष्क्रिय वायूचे आवरण लागते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या सोनाराला अंगठी मोठी-लहान करून देता येत नाही. माप एकदाच आणि नीट घ्यायला हवे.

नायोबियम आणि टॅन्टलम : ही नावे आपल्याकडे फारशी ऐकू येत नाहीत. दोन्ही धातू त्वचेला सौम्य आहेत. नायोबियमवरही रंग चढतात. टॅन्टलम निळसर करड्या रंगाचा आणि हाताला जड असतो. शस्त्रक्रियेतही त्याचा वापर होतो.

स्टेनलेस स्टील : ३१६ एल जातीच्या पोलादात निकेल असते, पण ते घट्ट बांधलेले राहते आणि फारच थोडे सुटते. अनेकांना ते चालते. ज्यांची ॲलर्जी तीव्र आहे, त्यांनी मात्र भरवसा ठेवू नये.

टंगस्टन कार्बाइड आणि झिर्कोनियाची सिरॅमिक : दोन्ही अतिशय कठीण, सहजी ओरखडा न पडणाऱ्या. टंगस्टन कार्बाइडची भुकटी जोडण्यासाठी कोबाल्ट किंवा निकेल वापरतात, म्हणून जोडधातू कोणता ते विचारल्याशिवाय घेऊ नये. सिरॅमिकमध्ये तो प्रश्न नसतो. दोन्ही अंगठ्या दगडी जमिनीवर जोरात पडल्या तर तडकू शकतात आणि त्यांचे माप बदलता येत नाही.

इथे एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गरोदरपणात, अपघातात किंवा गांधीलमाशी चावल्यावर बोट सुजते आणि अंगठी आवळते. सोन्याची अंगठी साध्या कटरने कापता येते. टायटॅनियम कापायला वेळ लागतो, पण ते कापले जाते. टंगस्टन कार्बाइड आणि सिरॅमिक कापत बसायचे नसते. पकडीच्या दाबाने त्यांना तडा देऊन फोडतात. अशी अंगठी घालणाऱ्याने ही गोष्ट जोडीदाराला सांगून ठेवावी आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनाही.

लाकूड, काच, करवंटी

धातूच नको असेल तर? लाकडाच्या अंगठ्या दिसायला सुरेख असतात. लाकडावर लाखेचे काम करणारी आपली सावंतवाडी प्रसिद्धच आहे. नारळाच्या करवंटीच्या अंगठ्याही कोकणात आणि गोव्यात मिळतात. पण 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असे समजू नये. शिसवीच्या जातीच्या काही लाकडांनी स्वतःच ॲलर्जी येते. पॉलिशचाही त्रास होऊ शकतो. शिवाय लाकूड पाण्याने फुगते. सणासमारंभाला घालण्यापुरती ही अंगठी छान, रोजच्या धुण्या-भांड्याला नाही. कारखान्यात काम करणारे किंवा व्यायाम करणारे सिलिकॉनची मऊ अंगठी घालतात. तिच्यात निकेल नसते, फक्त तिच्याखाली घाम साचू देऊ नये.

मंगळसूत्राचाही विचार याच वेळी करावा. काळे मणी काचेचे असल्याने सहसा त्रास देत नाहीत. त्रास होतो तो खोट्या साखळीचा, फाशाचा आणि मुलामा उडालेल्या वाट्यांचा. पटवेकऱ्याकडून मणी रेशमी किंवा सुती दोऱ्यात ओवून घ्यावेत आणि वाट्या तेवढ्या २२ कॅरटच्या ठेवाव्यात. जोडवी घेताना चांदी ९२.५ टक्के आहे का आणि उरलेला धातू तांबेच आहे का, तेही विचारावे.

मोठ्यांची समजूत

खरी अवघड परीक्षा पेढीवर होत नाही, ती दिवाणखान्यात होते. सोन्याऐवजी दुसरे काही म्हटले की शुभ-अशुभाचा प्रश्न निघतो.

अशा वेळी काही गोष्टी सांगता येतात. बंगालमध्ये सौभाग्याचे लेणे म्हणजे शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, पोवळ्याचा लाल 'पोला' आणि लोखंडाचे कडे. तिथे लोखंडही मंगल ठरते. पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी याने वाग्दत्त वधूला खड्याविना लोखंडी अंगठी पाठवण्याच्या प्रथेची नोंद केली आहे. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढ्यासाठी प्रशियाच्या स्त्रियांनी सोन्याचे दागिने देऊन बदल्यात लोखंडाचे घेतले आणि ते अभिमानाने मिरवले. आपल्याकडेही चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये सरकारने १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी घातली होती. त्या काळात लागलेली लग्ने काही कमी टिकली नाहीत!

कायदाही अंगठीच्या धातूकडे पाहत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात रूढ विधींना आणि सप्तपदीला महत्त्व आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर शब्द द्यायचा असतो. अंगठीची अट दोन्हीकडे नाही. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांत धर्मगुरूंच्या आशीर्वादाने अंगठ्या बदलल्या जातात आणि ती अंगठी आयुष्यभर बोटात राहते. त्या घरांत तर धातूची निवड अधिकच जपून करायला हवी.

आजेसासूबाईंनी दिलेली जुनी अंगठी असेल तर ती मोडायची गरज नाही. तिला आतून जाड शुद्ध सोन्याचा मुलामा देता येतो. तो झिजतो, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो. तिचा हिरा काढून प्लॅटिनमच्या कोंदणात बसवता येतो. किंवा ती रेशमी गोफात ओवून सणाला कपड्यांवरून घालता येते. आतून नखांचे रंगहीन पॉलिश लावण्याची युक्ती एखाद्या समारंभापुरतीच. ते लवकर निघते आणि काहींना त्या पॉलिशचीच ॲलर्जी असते.

अंगठी घडवायला टाकण्यापूर्वी

१. मुलगा-मुलगी दोघांनाही विचारा : कानातले, घड्याळ, बक्कल यांनी पूर्वी कधी त्रास झाला आहे का? झाला असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग सराफ.

२. मिश्रधातूत काय काय आहे आणि निकेल नाही, हे सराफाकडून पावतीवर लिहून घ्या. डाग लावताना कोणता धातू वापरणार, तेही विचारा.

३. निकेल ओळखण्याचे डायमिथाइलग्लायऑक्झाइमचे द्रावण मिळते. त्यात भिजवलेला कापसाचा बोळा दागिन्यावर घासल्यावर गुलाबी झाला, तर निकेल सुटते आहे. दागिन्याला इजा होत नाही. मुलाम्याखालचे निकेल मात्र या परीक्षेत लपून राहू शकते.

४. माप संध्याकाळी, हात गरम असताना घ्या. सकाळी आणि थंडीत बोट बारीक असते.

५. अंगठीची आतली बाजू गुळगुळीत हवी. खड्यामागे फार खाचा नकोत, त्यांत साबण साचतो.

६. पसंत न पडल्यास किंवा माप चुकल्यास बदलून मिळेल का, हे आधीच ठरवा.

आता पुन्हा त्या नवरीकडे वळू. गप्प बसून चिकटपट्ट्या लावण्यापेक्षा तिने पहिल्याच आठवड्यात होणाऱ्या नवऱ्याला बोट दाखवले, तर पुढचे बरेच सोपे होते. त्यानेच आईला सांगावे, "अंगठी तिला फार आवडली आहे, पण त्यातला एक धातू तिला सोसत नाही." हे वाक्य मुलाच्या तोंडून आले की त्यात रुसवा-फुगवा उरत नाही. हिरा तोच राहतो, कोंदण बदलते. सासूबाईंनाही आपल्या कानातल्या जुन्या खाजेचे कारण तेव्हाच उमगण्याची शक्यता आहे!

अंगठी हे एकमेकांना दिलेल्या शब्दाचे चिन्ह. तो शब्द रोज बोटात वागवायचा आहे, तेव्हा तो बोटाला सोसणारा असावा, एवढीच अपेक्षा. आणि नव्या संसारात एकमेकांचे दुखणे विचारण्याची सवय एका अंगठीच्या निमित्ताने लागली, तर ती साखरपुड्याची कमाईच म्हणायची.